जुनी ट्विन: पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन?

साठच्या दशकातली ट्रायम्फ 650 ही दोन सिलिंडरची (ट्विन) मोटरसायकल हाताशी आलेल्या मित्राला हाच पेच पडलाय: उघडझाप करून ठिणगी पाडणारे जुने पॉइंट ठेवायचे, की त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं?

आधी मूळ दोष. पॉइंट ज्यावर बसतात त्या लुकासच्या 4सीए प्लेटवर दोन्ही सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, स्वतंत्रपणे लावताच येत नाही. मग एकाचा गॅप (पॉइंटमधली फट) थोडा इकडेतिकडे करून दुसऱ्याशी जुळवून घ्यायचं. 1968मध्ये आलेल्या 6सीए प्लेटने हे दुखणं संपवलं. पॉइंटच ठेवायचे असतील तर आधी ती प्लेट बदला. पैशाच्या मानाने सर्वांत मोठी सुधारणा हीच.

मेहनत: पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन 0.38 मि.मी. पुन्हा लावा. इलेक्ट्रॉनिकला एकदाच स्ट्रोब (टायमिंग तपासायचा लुकलुकता दिवा) लावून टायमिंग बघायचं, मग झाकण बंद.

खर्च: पॉइंट स्वस्त, यात वाद नाही.

भरवसा: इथे जाहिराती गप्प असतात. बॅटरी कमजोर असेल तर इलेक्ट्रॉनिक किटचं टायमिंग भरकटतं, किक उलटी बसते. आणि किटचा बॉक्स जळला तर रस्त्यात काही करता येत नाही. पॉइंट पॉलिश पेपरने घासून घरी पोचता येतं.

रोज चालवणार आणि चार्जिंग ठणठणीत असेल, तर इलेक्ट्रॉनिक. महिन्यातून एखादी फेरी, किंवा गाडी मूळ रूपात जपायची असेल, तर 6सीए आणि चांगला कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग).