अमोनाइटची जोडी डोळे झाकून घ्या, दात मात्र भिंग लावून

साताऱ्यात 40 वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता दुकान मुलगा बघतो, पण डोळ्याला लावायचं भिंग अजून माझ्या खिशात असतं. गेल्या महिन्यात पुण्याला खडे-खनिजांच्या प्रदर्शनात गेलो होतो. सोबत नऊ वर्षांची नात, तिला डायनासोरचं वेड. तिच्या हट्टापायी एका स्टॉलवर दोन वस्तू घेतल्या. मधोमध कापलेल्या अमोनाइटची, म्हणजे नामशेष झालेल्या एका सागरी प्राण्याच्या दगड झालेल्या कवचाची, जोडी 1,800 रुपयांना आणि स्पायनोसॉरस या डायनासोरचा म्हणून एक दात 2,500 ला. स्टॉलचं नाव लिहीत नाही. दातातली करामत त्याची की त्याला माल देणाऱ्याची, हे मला कळायला मार्ग नाही.

आधी अमोनाइट. चिठ्ठीवर 'डायनासोरकालीन शंख, मादागास्कर' लिहिलंय. त्यातलं शंख तेवढं चूक. शंख गोगलगायीच्या जातीचा. हा प्राणी आपल्या कोकणातल्या माकुलाचा (स्क्विडचा) नातेवाईक, फक्त घर पाठीवर घेऊन पोहणारा. मादागास्करच्या वायव्येला महाजंगा भागात असे ढिगाने सापडतात, जात बहुधा क्लिओनिसेरास. वय सुमारे 11 कोटी वर्षं, म्हणजे क्रेटेशियस काळाचा साधारण मध्य. तो काळ 14.5 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपला. हा जीव पोहत होता तेव्हा मादागास्कर आणि आपला भारत एकमेकांना चिकटलेले होते, फाटाफूट झाली त्यानंतर दोनेक कोटी वर्षांनी. आणि आपला अजिंक्यतारा ज्या काळ्या दगडाचा आहे, त्या दगडाचा लाव्हा तेव्हा बाहेरही पडायचा होता. म्हणजे माझ्या टेबलावरची ही चकती समोरच्या डोंगरापेक्षा जुनी. हे मी नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग डोंगराने हिला नमस्कार करायचा का?"

कापलेली बाजू भिंगाखाली घेतली आणि अर्धा तास तसाच बसलो. घड्याळातल्या हेअरस्प्रिंगसारखा वळत जाणारा सर्पिल, फक्त बाहेर येताना रुंद होत जाणारा, आणि आत पडद्यांनी पाडलेले कप्पे. नातीने 27 मोजले, मी भिंगाने 34 पर्यंत गेलो. मधल्या गाभ्यात नजर पोचत नाही. प्राणी राहायचा सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे नवा पडदा घालायचा. मागच्या कप्प्यांतलं पाणी एका बारीक नळीतून काढून घेतलं की तिथे वायू भरायचा, मग घर पाण्यात तरंगायला हलकं. ती नळी माझ्या तुकड्यात बाहेरच्या कडेने काळसर, तुटक तुटक दिसते. नॉटिलस या त्याच्या आजही जिवंत असलेल्या नातेवाइकात ती पडद्याच्या मध्याजवळून जाते. खरेदी करताना ही नळी शोधा. काप बरोबर मध्यातून गेला असेल तरच ती दिसते.

काही कप्प्यांत मधाच्या रंगाचा कॅल्साइट (चुन्याचं खनिज) गच्च भरलाय, दोन-तीन पोकळ आहेत आणि त्यांत साखरेसारखे स्फटिक चमकतात. पाठीमागे पॉलिश करताना जिथे वरचं कवच गेलंय, तिथे पडद्यांच्या कडा नेच्याच्या पानासारख्या नक्षीने उमटल्यात. अशी नक्षी हाताने कोरायची तर 1,800 रुपयांत कोणी करून देणार नाही, त्यामुळे मालाच्या खरेपणाची मला शंका नाही. एका जागी चीर राळेने भरली आहे, ते चालतं. माझ्या हातून एक गाढवपणा झाला. परीक्षा म्हणून व्हिनेगरचा थेंब टाकला. फसफसलं, म्हणजे दगड चुन्याचाच, पण त्या जागची मोत्याची झाक कायमची गेली. तुम्ही करू नका.

घरी सौ.ने विचारलं, हा देवघरात ठेवायचा का. तिचा प्रश्न अगदीच चूक नव्हता. गंडकीच्या शाळिग्रामात जे चक्र असतं, तो बहुतेकदा अमोनाइटच, फक्त याच्याहून जुना, ज्युरासिक काळातला. ही जोडी मात्र टीव्हीशेजारी ठेवली आहे.

आता दात. स्पायनोसॉरसचं नाव 1915 साली श्ट्रोमर या जर्मन शास्त्रज्ञाने इजिप्तच्या हाडांवरून दिलं, आणि म्युनिकच्या संग्रहालयातली ती हाडं 1944 च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली. बाजारात येणारे दात मोरोक्कोतल्या केम केम भागातल्या खडकांच्या थरांतले. या प्राण्याचे दात पडून नवे येत राहायचे, म्हणून दात मुबलक. अखंड, मोठे दात मात्र कमी, आणि इथेच कारागिरी सुरू होते.

माझा सहा सेंटीमीटरचा. टोक उत्तम: शंकूसारखं, करवतीचे दाते नाहीत, उभ्या बारीक रेघा. पण त्या रेघा खाली येता येता एका जागी थांबतात आणि दोन मिलिमीटर सरकून पुन्हा सुरू होतात. नोटा तपासायची निळी टॉर्च मारली तर तिथे पांढरट वळं चमकलं. गोंद. त्याच्या खाली आणखी एक सांधा, आणि मुळाशी तर वाळू आणि गोंदाचा लगदाच. मला लगेच माझ्याकडे येणारी जुन्या बाजारातली एचएमटी आठवली. मशीन एकाचं, डायल दुसऱ्याचं, केस तिसऱ्याची. प्रत्येक भाग खरा, घड्याळ मात्र कारखान्यातून कधी निघालेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. तो पोरगा टॉर्च बघून गप्प झाला, मग म्हणाला, "काका, सगळे असेच येतात." मी म्हटलं, मग चिठ्ठीवर तसं लिही आणि भाव तसा लाव. त्याच्याकडची जळगावची झिओलाइट खनिजं सुंदर होती आणि त्यांचे भावही सरळ, त्यामुळे माणूस अगदी वाईट म्हणवत नाही. 1,200 रुपये त्याने परत दिले, दात मी ठेवून घेतला.

नातीने सांध्याखालचा भाग मातीच्या गोळ्यात खुपसलाय. वर फक्त दोन सेंटीमीटरचं टोक दिसतं, तेवढं एकाच जबड्यातलं आहे.