तत्काळ पासपोर्टचे तीन दिवस आणि त्याआधीचे नऊ

सिंगापूरला निघायला २७ दिवस उरले असताना सहल कंपनीच्या माणसाचा फोन आला. माझ्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून जेमतेम पाच महिन्यांनी संपते आहे, आणि सिंगापूरला जाण्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते, असे त्याने सांगितले. पासपोर्टवरची तारीख मी अनेकदा पाहिली होती, पण सहा महिन्यांची ही अट मनात कधीच नोंदली गेली नव्हती. त्याच आठवड्यात, वर्षभर ‘मी काही विमानात बसायची नाही’ म्हणणाऱ्या सासूबाईंनी येण्याचे मान्य केले. त्यांचे वय ७१ आणि पासपोर्ट आयुष्यात कधी काढलेला नाही. त्यामुळे एकाच घरातून एक पुनर्निर्गमाचा, म्हणजे जुन्याच्या जागी पासपोर्ट पुन्हा काढण्याचा, आणि एक अगदी नवा, असे दोन अर्ज तत्काळ योजनेखाली करावे लागले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

तत्काळ या शब्दाने पहिला गैरसमज होतो. जास्त पैसे भरले की सगळेच लवकर होते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात साध्या अर्जाला जे टप्पे आहेत तेच तत्काळलाही आहेत: तोच ऑनलाइन अर्ज, तेच पासपोर्ट सेवा केंद्र, त्याच खिडक्या. फरक मुख्यतः दोन ठिकाणी पडतो. तत्काळसाठी अपॉइंटमेंटचा वेगळा कोटा असतो, आणि पोलीस पडताळणी आवश्यक असली तरी ती पासपोर्ट हाती पडल्यानंतर करण्याची सोय असते. पडताळणीची गरजच नसेल तर अर्ज मंजूर झाल्याचा दिवस सोडून पुढच्या कामकाजाच्या दिवशी पासपोर्ट रवाना व्हावा, आणि पडताळणी नंतर व्हायची असेल तर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी, असा नियम आहे. म्हणजे घड्याळ सुरू होते ते केंद्रात अर्ज मंजूर झाल्यावर. त्याआधीचे दिवस आपले असतात आणि ते कसे खर्च होतील याची जबाबदारी कोणी घेत नाही. आमचे नऊ दिवस त्यात गेले.

शुल्काची रचना मात्र मला न्याय्य वाटली. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये आणि ६० पानी पासपोर्टला २००० रुपये लागतात, तत्काळचे आणखी २००० रुपये वेगळे. हे जादा २००० रुपये अपॉइंटमेंट घेतानाच भरावे लागत नाहीत, तर अर्ज तत्काळखाली स्वीकारला गेल्यावर केंद्रात भरायचे असतात. हे आधी माहीत असते, तर मी पहिल्या संध्याकाळी एजंटाकडे गेलेच नसते.

एजंटाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे घाईतला माणूस सर्वांत आधी तिथेच जातो. आमच्या भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात हे काम होते. दोन अर्जांचे मिळून ४००० रुपये, सरकारी शुल्क वेगळे, आणि ‘ताई, अपॉइंटमेंट लगेच मिळवून देतो’ असे आश्वासन. त्याने अर्ज भरला तो माझ्यासमोर, म्हणून बरे झाले. ‘तुमचे नाव कधी बदलले आहे का?’ या प्रश्नावर सासूबाईंच्या बाबतीत त्याने विचारणा न करताच ‘नाही’ नोंदवले. लग्नानंतर नाव, मधले नाव आणि आडनाव अशा तिन्ही गोष्टी बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत ही नोंद सरळसरळ चुकीची होती, आणि अर्जाखालचे सत्यतेचे निवेदन त्यांच्या नावाने जाणार होते. मी त्याला थांबवले, झालेल्या वेळेचे दोनशे रुपये दिले आणि घरी येऊन अर्ज नव्याने भरला. अपॉइंटमेंटचे म्हणाल, तर एजंटही तेच संकेतस्थळ उघडून बसतो. त्याच्यासाठी वेगळे दार नाही. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे शोधात कधी कधी वर दिसतात आणि ती निव्वळ अर्ज भरण्याचे पैसे घेतात.

अर्ज इंग्रजीत भरायचा असतो आणि मराठी माणसाची खरी परीक्षा तिथे होते. आपले नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. अर्जात मात्र रकाने दोनच, ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून लिहायचे की सोडून द्यायचे, हे आपल्या इतर कागदांवर काय आहे त्यावर ठरते, आणि ते कागद क्वचितच एकमताचे असतात. सासूबाईंच्या आधार कार्डावर आणि पॅन कार्डावर नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असा क्रम आहे. रेशनकार्डावर त्यांच्या नावापुढे ‘बाई’ चिकटले आहे. मतदार ओळखपत्रावर ‘बाई’ नाही, पण सासऱ्यांच्या नावातले एक अक्षर वेगळे आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणी तरी आदराने लावलेले ते ‘बाई’ आता एका सरकारी कागदाचे दुसऱ्याशी भांडण लावते, हे पाहून त्यांना हसू आले. मला तितकेसे आले नाही.

तत्काळसाठी ठरवून दिलेल्या यादीतले कोणतेही तीन कागद लागतात. यादीत आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, पेन्शनचे कागद, जन्मदाखला इत्यादी आहेत. पूर्वी तत्काळसाठी बड्या अधिकाऱ्याचे पडताळणी प्रमाणपत्र आणावे लागे आणि त्यासाठी ओळखीपाळखी शोधाव्या लागत. ती अट आता गेली आहे. आमची पहिली चूक अशी, की आम्ही ‘वजनदार’ कागद निवडायला बसलो. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी योग्य सल्ला दिला: आपापसांत अक्षराअक्षराने जुळणारे तीन शोधा, बाकीचे घरी ठेवा. सासूबाईंचे आधार, पॅन आणि बँकेचे छायाचित्र असलेले पासबुक तंतोतंत जुळले. जन्मदाखला त्यांच्याकडे नाही, पण तो १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच सक्तीचा आहे. त्याआधी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी इतर कागद चालतात. त्यांची आणखी एक धास्ती शिक्षणाची होती. ‘मी सातवी पास, मला परदेशात सोडतील का’, असे त्या दोन दिवस विचारत होत्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी परवानगी लागत असल्याचा शेरा येतो हे खरे, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट आहे.

अपॉइंटमेंट मिळवण्यात तीन संध्याकाळी गेल्या. तत्काळच्या वेळा ठरावीक काळाने खुल्या होतात आणि पहिल्या काही मिनिटांत भरतात, त्यामुळे अर्ज पूर्ण भरून, शुल्क भरून तयार राहावे लागते. मधल्या काळात सोलापूरच्या केंद्रातील वेळाही पाहिल्या. ते केंद्र आमच्या पुण्याच्याच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते. पण ७१ वर्षांच्या बाईंना अडीचशे किलोमीटर नेऊन आणण्यापेक्षा आणखी एक दिवस थांबणे बरे, असे ठरले. तिसऱ्या संध्याकाळी बुधवारची सकाळची वेळ मिळाली. घाईत चुकीची वेळ घेतली तरी एका वर्षात तीनदा ती बदलता येते, हे ठाऊक असल्याने मी फार विचार न करता नोंदवून टाकली.

पुण्यात सेवा केंद्र मुंढव्याला आहे आणि प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय बाणेर-पाषाण जोडरस्त्यावर. ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, आणि आमचे एक परिचित अपॉइंटमेंटच्या दिवशी बाणेरला जाऊन उभे राहिले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. कागद सादर करणे, फोटो, बोटांचे ठसे हे सारे मुंढव्याला होते. नेमलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचायचे असते. ज्येष्ठ नागरिकाबरोबर एका माणसाला आत सोडतात, त्यामुळे आमच्या दोघींच्या वेळा पाठोपाठ असण्याचा उपयोग झाला.

आतली व्यवस्था मला मनापासून आवडली. टोकन मिळते आणि पडद्यावर क्रमांक दिसला की उठायचे. पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ‘ए’ खिडक्यांवर, टीसीएस या खासगी कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, फोटो काढतात आणि ठसे घेतात. ‘बी’ आणि ‘सी’ खिडक्यांवर पासपोर्ट खात्याचे अधिकारी कागद तपासतात आणि मंजुरी देतात. फोटो तिथेच काढला जातो आणि त्याची पार्श्वभूमी पांढरी असते, म्हणून गडद रंगाचे कपडे घालावेत. सासूबाई फिकट साडी नेसून आल्या होत्या. माझी निळी शाल कामी आली. सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्यांच्या बोटांच्या ठशांवर. पन्नास वर्षे भांडी, धुणे आणि पाटा-वरवंटा केलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसत नव्हत्या. खिडकीवरच्या मुलीने दोन वेळा बोटे पुसायला लावली, एकदा स्वतः त्यांचे बोट धरून हलकेच दाबले, आणि चौथ्या प्रयत्नात ठसा उमटला. मागे रांग असूनही तिने घाई केली नाही.

‘बी’ खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी सासूबाईंना विचारले, ‘आजी, माहेरचं नाव काय होतं?’ त्यांनी न अडखळता तिन्ही पदे सांगितली. अर्जात तीच नोंद होती. एजंटाचा ‘नाही’ तसाच राहिला असता, तर या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले असते, हा विचार मला तिथे उभ्या उभ्या आला. माझ्या बाबतीत फारसे काही विचारले नाही. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत दिला आणि त्यातील पत्ता, नाव काहीच बदललेले नसल्याने पोलीस पडताळणीची गरज नसल्याचे सांगितले. तत्काळचे प्रत्येकी २००० रुपये भरून आम्ही सुमारे पावणेदोन तासांनी बाहेर पडलो.

पुढचे सारे दिलेल्या शब्दाप्रमाणे झाले. माझा पासपोर्ट गुरुवारी छापून स्पीड पोस्टने निघाला आणि शनिवारी घरी आला. सासूबाईंचा सोमवारी निघाला, म्हणजे बुधवार सोडून नेमक्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि पुढच्या बुधवारी आला. प्रत्येक टप्प्याचा संदेश मोबाइलवर येत होता. पोस्टमनने सासूबाईंचा पासपोर्ट मला द्यायला नकार दिला, कारण तो ज्याच्या नावे आहे त्याच्याच हाती ओळखपत्र पाहून द्यायचा असतो. सासूबाई तेव्हा देवळात होत्या. मी थोडी नाराज झाले, पण नियम पोस्टमनच्याच बाजूचा होता आणि त्यांनी अर्ध्या तासाने पुन्हा येण्याचा चांगुलपणा दाखवला. नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तळाशी ई-पासपोर्टचे सोनेरी चिन्ह आहे, आत चिप आहे. माझा पासपोर्ट क्रमांक बदलल्यामुळे सहल कंपनीला तो पासपोर्ट आला त्याच दिवशी कळवावा लागला. सासूबाईंचा पासपोर्ट हाती आला तेव्हा निघायला ११ दिवस उरले होते. सासूबाईंचा व्हिसा चौथ्या दिवशी मिळाला.

लग्नामुळे नव्हे, तर मुद्दाम नाव पूर्ण बदललेल्यांना आणि इतर काही गटांना तत्काळची सोय नाही, म्हणून अर्जाआधी संकेतस्थळावर आपली पात्रता पाहून घ्यावी. वेळ हाती असेल तर साधा अर्जच करावा. ६० वर्षांवरील व्यक्तीच्या पहिल्या पासपोर्टला साध्या शुल्कात १० टक्के सूटही मिळते. आम्ही सासूबाईंचा अर्ज सहा महिने आधी केला असता तर हा सगळा खटाटोप टळला असता, पण तेव्हा त्यांचे मन कुठे वळले होते?

सेवेला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण नावाच्या रकान्यांसाठी कापला आहे. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक अर्जदाराला जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर एका उदाहरणासह मराठीत त्या रकान्याशेजारीच असायला हवे. ते नसल्यामुळेच झेरॉक्सच्या दुकानांतला धंदा चालतो.

पोलीस पडताळणीचा फोन पासपोर्ट आल्यानंतर तीन दिवसांनी आला. हवालदार संध्याकाळी घरी आले, आधार आणि पासबुक पाहिले, शेजारच्या दोघांना विचारले, सही घेतली आणि चहालाही थांबले नाहीत. सासूबाईंनी तोपर्यंत पासपोर्ट कपाटात, सोन्याच्या डब्याखाली, रुमालात गुंडाळून ठेवला होता आणि तो हवालदारांना दाखवायचा का, हे मला दोनदा खुणेने विचारून घेतले.