ई. टी. मेन्साचं हायलाइफ: काही महिने ऐकल्यानंतर

एका बैठकीत संपवायचा बेत असेल तर हा चार सीडींचा संच घेऊ नका. हायलाइफ म्हणजे पश्चिम आफ्रिकेचं नाचाचं संगीत. त्यातला घानाचा ट्रम्पेटवादक आणि बँडप्रमुख ई. टी. मेन्सा याची पन्नासच्या दशकातली गाणी ओळीने लावली की पाऊण तासात सगळी सारखीच वाटायला लागतात. प्रत्येक गाणं तीन मिनिटांच्या आसपास, कारण ती बांधलीच होती मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूसाठी. मी आता एका वेळी चार-पाचच ऐकतो, तीही स्पीकरवर. हेडफोनमध्ये जुनी खरखर आणि ट्रम्पेट तेवढे पुढे येतात. खालचा ठेका नीट पोचत नाही, आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

हा ठेका आला कुठून ते कळल्यावर माझं ऐकणं बदललं. मेन्साचा जन्म १९१९चा, घानाची राजधानी अक्रामधला. शाळेत असताना जो लॅम्प्टी या शिक्षकाच्या ऑर्केस्ट्रात तो बासरी वाजवायचा. पुढे सॅक्सोफोन, मग ट्रम्पेट. पोटापाण्यासाठी मात्र फार्मासिस्टचं काम. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे सैनिक अक्रामध्ये तळ ठोकून होते, त्यांना नाचायला स्विंग, म्हणजे बँडवरचं नाचाचं जॅझ, हवं होतं. त्याच वातावरणात ‘टेम्पोज’ हा बँड उभा राहिला. सुरुवातीला त्यात गोरे वादकही होते. युद्धानंतर सूत्रं मेन्साकडे आली. ड्रमवादक गाय वॉरन लंडनच्या एका आफ्रो-क्यूबन बँडमध्ये वाजवून परतला तो बोंगो, म्हणजे हाताने वाजवायच्या छोट्या ढोलांची जोडी, घेऊन. स्विंगची शिस्त, क्यूबाचा ठेका, त्रिनिदादच्या कॅलिप्सो गाण्यांचा खट्याळपणा, आणि त्यावर घानातल्या गा, फँटी, ट्वी भाषांतली गाणी, असं हे मिश्रण. शिवाय बँड आटोपशीर. त्याआधीच्या, उच्चभ्रूंच्या क्लबांत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांचा लवाजमा कितीतरी मोठा असे.

‘ऑल फॉर यू’ घ्या. पहिल्यांदा ऐकताना हलकंफुलकं गाणं, बस्स. आठ-दहा वेळा ऐकल्यावर लक्षात येतं की इथे कुणीच स्वतःला मिरवत नाही. मेन्साचा ट्रम्पेट येतो, मोजकं बोलतो आणि बाजूला होतो. गाणारा आवाजही साधा, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा. हा संयम माझ्या डोक्यात हळूहळू मुरला. ज्यांना तानांची आतषबाजी हवी त्यांना हे मिळमिळीत वाटणार, त्याला इलाज नाही.

‘घाना फ्रीडम’ हे स्वातंत्र्याचं गाणं सगळे आवर्जून सांगतात. ६ मार्च १९५७ला घाना स्वतंत्र झाला, त्यामुळे ऐतिहासिक महत्त्व आहेच. पण गाणं म्हणून मी त्याकडे फारसा परतत नाही. ‘न्केबो बाया’ मात्र आठवड्यातून एकदा तरी वाजतं.

मुंबईच्या जुन्या डान्स बँडांची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटणार नाही. त्याच सुमारास आपल्याकडे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखला जाणारा गोव्याचा वादक ट्रम्पेट वाजवत होता. दोघांचाही आदर्श अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. फरक इतकाच की मेन्साला १९५६मध्ये अक्रातच आर्मस्ट्राँगबरोबर वाजवायची संधी मिळाली.

आवाजाच्या दर्जाबद्दल: जुन्या तबकड्यांवरून घेतलेलं मोनो रेकॉर्डिंग आहे, बेस पातळ. घरच्या अँप्लिफायरवर बेस थोडा वाढवला की काम भागतं. खरखर पूर्ण पुसलेली नाही ते बरंच झालं, नाहीतर झांजांची धारही गेली असती.

संचात मला खटकलेली गोष्ट म्हणजे नंतरच्या काळाची ओळख पुसटच राहते. साठच्या दशकात काँगोचं गिटार-संगीत आणि मग सोल, पॉप आलं, डान्स बँडांचे दिवस ओसरले आणि मेन्सा पुन्हा औषधांच्या नोकरीकडे वळला. १९८६मध्ये त्याच्या जुन्या गाण्यांचं संकलन लंडनहून निघालं तेव्हा बाहेरच्या जगाला तो नव्याने सापडला. १९९६मध्ये तो गेला.

किंमत जास्त वाटली तर आधी चार-सहा गाणी ऑनलाइन ऐका आणि मगच ठरवा. मी सध्या नायजेरियाच्या व्हिक्टर ओलाइया या हायलाइफ ट्रम्पेटवादकाकडे वळलोय. १९५० पासून मेन्सा बँड घेऊन नायजेरियाला जायचा, आणि तिथल्या वादकांनी त्याच्याकडून बरंच उचललं. पुढे ओलाइयाच्याच बँडमध्ये पुढे आफ्रोबीट संगीतासाठी गाजलेल्या तरुण फेला कुटीने उमेदवारी केली.