पेंढ्याच्या भावाने घेतलेले पाणी

पेंढ्याच्या गठ्ठ्यांचे घर बांधताना माझी फसवणूक झाली, ती एकूण 3,14,500 रुपयांची. त्यांपैकी 8,500 रुपये दोन दिवसांच्या कार्यशाळेचे, 2,04,000 रुपये गठ्ठे येण्यापूर्वीच दिलेले आगाऊ आणि 1,02,000 रुपये गिलाव्याचा दुसरा हात पूर्ण झाल्यावर दिलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण प्रथम तोच विचारतो आणि त्यानंतर विचारतो, ‘तुम्हांला कळले कसे नाही?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

पेंढ्याच्या गठ्ठ्यांचे घर स्वतःच्या हातांनी बांधायचे, भिंतींना माती आणि चुन्याचा गिलावा करायचा, ही कल्पना माझी होती. ती मला कोणी विकली नाही. ज्या गृहस्थाने कार्यशाळा घेतली आणि पुढे मालही पुरवला, त्याने विकला तो आत्मविश्वास. कार्यशाळेत त्याने सांगितलेले जवळजवळ सर्व खरे होते, हे आजही मान्य करावे लागते. गठ्ठे बांधण्याची यंत्रे आल्यावर अमेरिकेतील नेब्रास्काच्या लाकूड नसलेल्या माळरानावर अशी घरे उभी राहू लागली, तेथील आर्थर गावातले 1928 सालचे गठ्ठ्यांचे चर्च आजही उभे आहे, जोते उंच आणि वळचण रुंद हवी, पेंढा म्हणजे दाणे काढून घेतलेले काड आणि गवत म्हणजे गवत, दोन्हींची गल्लत करू नये. ही सर्व माहिती मी नंतर पडताळून पाहिली आणि ती बरोबर निघाली. ज्याची दहा विधाने बरोबर निघतात, त्याच्या अकराव्या विधानावर संशय घेणारा मनुष्य मला दाखवावा.

अकरावे विधान असे होते की, गठ्ठा जितका जड तितका तो घट्ट दाबलेला, म्हणून गठ्ठे नगावर न घेता वजनावर घ्यावेत. घट्ट गठ्ठा चांगला, हे खरेच आहे. सैल गठ्ठ्यांची भिंत छताच्या भाराने बसते आणि गिलाव्याला तडे जातात. पण वजन दाबामुळेही वाढते आणि पाण्यामुळेही वाढते, हे शाळेतल्या मुलालाही सुचले असते. मला सुचले नाही. 240 गठ्ठे आले, प्रत्येकी सरासरी 26 किलोचे, आणि मी काट्यासमोर उभा राहून अक्षरशः खूश होत होतो. पुढे भिंत उकलल्यावर त्यांतला एक गठ्ठा सोडून, पसरून वाळवला, तेव्हा तो 19 किलो भरला. प्रत्येकी 7 किलो, म्हणजे मी 1,680 किलो पाणी पेंढ्याच्या भावाने विकत घेतले होते.

आता त्या क्षणाविषयी, जो मला रात्री झोपू देत नाही. गाडीतून गठ्ठे उतरवताना एकाची सुतळी तुटली आणि तो पुन्हा बांधण्यासाठी मी त्याच्या मध्यभागी कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. उन्हाने वरचा भाग तापावा तशी ती नव्हती. आजारी माणसाच्या अंगासारखी, आतून येणारी, दमट ऊब होती, आणि हात बाहेर काढल्यावर त्याला आंबूस वास येत होता. ओल्या पेंढ्यात जिवाणू आणि बुरशी कामाला लागल्या की गठ्ठा आतून तापतो, हे मी वाचलेले होते. वाचलेले होते! मी विचारले, तर तो गृहस्थ म्हणाला, “साहेब, दिवसभर उन्हातून आलाय माल.” मग त्याने ओलावामापकाची सुई गठ्ठ्याच्या कडेत जेमतेम दोन बोटे खुपसली आणि 14 टक्क्यांचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. बांधकामाला 20 टक्क्यांच्या आतला पेंढा लागतो, 15 च्या आत असेल तर उत्तम. कडा वाऱ्याने वाळलेली असणारच. लांब सुई थेट गाभ्यापर्यंत गेली पाहिजे आणि ती तुमच्या हातात असली पाहिजे, विकणाऱ्याच्या नव्हे. मी मात्र माझ्या स्वतःच्या हाताला खोटे ठरवून त्याच्या यंत्राला खरे मानले. मजूर ताटकळत होते, गाडीवान घाई करत होता, ढग येत होते. ही कारणे आहेत, सबबी नाहीत, असे मी स्वतःला सांगत असतो.

गिलाव्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिची लाज अधिक वाटते. ‘तयार नैसर्गिक मिश्रण’ म्हणून गेरूच्या रंगाची पोती आली. उरलेला एक गोळा मी घमेल्यात विसरलो; रात्री त्यात पाणी साचले आणि सकाळी पाहतो तो गोळा दगडासारखा. मातीचा गिलावा केवळ वाळतो, त्यात रासायनिक बदल होत नाही, म्हणून भिजवला की तो पुन्हा चिखल होतो. चुना हवेतून कर्बवायू घेत आठवडेच्या आठवडे घट्ट होत राहतो. एका रात्रीत पाण्याखाली जे दगड होते, ते सिमेंट. मी तो गोळा शेजाऱ्यांना अभिमानाने दाखवला होता. ओल्या पेंढ्यावर सिमेंटचे कवच चढले, वाफ बाहेर पडायला वाट राहिली नाही, आणि चौथ्या महिन्यात उत्तरेकडची भिंत फोडली तेव्हा आत काळा लगदा होता. माती स्वतः आणा, बाटलीत पाण्याबरोबर हलवून वाळू, गाळ आणि चिकणमातीचे थर पाहा, भिंतीच्या कोपऱ्यावर नमुन्याचे पट्टे लिंपून वाळू द्या. बंद पोत्यातला निसर्ग घेऊ नका.

पोलीस ठाण्यात दोनदा गेलो. पहिल्या वेळी ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगून परत पाठवले. दुसऱ्या वेळी अधिकाऱ्याने तक्रार मोठ्याने वाचली आणि विचारले, “चिऊताईचे घर मेणाचे, काऊदादाचे शेणाचे, मग तुमचे कोणाचे?” खोलीतले सगळे हसले. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर माझी पावती उलटसुलट पाहण्यात आली. तिच्यावर ‘गवत व इतर साहित्य, मार्गदर्शनासह’ एवढेच लिहिलेले होते. ओलावा किती असावा याचा उल्लेख नाही, गिलाव्यात काय असावे याचा नाही, म्हणून कराराचा भंगही नाही. (पावतीवर टक्का लिहून घ्या. ‘पेंढा’ हा शब्दसुद्धा लिहून घ्या.) प्रयोगशाळेचा अहवाल आणा म्हणाले, प्रयोगशाळेने सांगितले की, आम्ही सिमेंट चांगले आहे की नाही ते तपासतो, ते असू नये हे तपासत नाही. बांधकाम परवानगीच्या कार्यालयाने तर कहर केला. ज्या अभियंत्याने नकाशावर शिक्का मारला, जागेवर येऊन कुंपणापासूनचे अंतर फुटांत मोजले आणि भिंतीला बोटही न लावता चहा पिऊन गेला, तोच मला म्हणाला, “पेंढा वापरा असे आम्ही सांगितले होते का?” दहा महिन्यांत सहा कार्यालये झाली. प्रत्येकाने अर्जाची प्रत ठेवून घेतली आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा पत्ता दिला.

त्या गृहस्थाकडे माझे म्हणण्यासारखे काही उरलेले नाही, पण माझ्याकडे त्याचे ठरलेले शेवटचे 34,000 रुपये आहेत आणि ते मिळावेत म्हणून त्याने मला वकिलाची नोटीस धाडली आहे. हप्ते कामाच्या टप्प्यावर नव्हे, तपासणीच्या निकालावर बांधा, असे मला कोणी तेव्हा सांगायला हवे होते. 240 गठ्ठ्यांपैकी 31 वापरण्याजोगे निघाले. ते ताडपत्रीखाली, जमिनीपासून उंचावर रचून ठेवले आहेत, आणि दर रविवारी मी त्यांच्या गाभ्यात माझी स्वतःची सुई खुपसून आकडा वहीत लिहितो. या रविवारी 13 होता.