व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा: सकाळी जाऊन संध्याकाळी परत

आईबाबा दोन महिने व्हिएन्नाला आमच्याकडे होते तेव्हा त्यांना ट्रेनने ब्रातिस्लाव्हाला नेलं, म्हणजे चक्क दुसऱ्या देशाची, स्लोव्हाकियाची राजधानी, आणि अंतर साधारण पुणे-लोणावळ्याइतकं. तासाभरात पोचतो. रिझर्व्हेशन वगैरे काही नाही. मशीनवर ब्रातिस्लाव्हा तिकीट म्हणून रिटर्न तिकीट मिळतं तेच काढा, कारण तिथली ट्राम-बस पण त्याच्यातच येते.

बाबा खिडकीला चिकटून, बॉर्डर कधी येणार म्हणून. शेतं, मग पवनचक्क्याच पवनचक्क्या, आणि एकदम फोनवर मेसेज आला स्लोव्हाकियात स्वागत असं, संपली बॉर्डर! २००७ च्या डिसेंबरपासून स्लोव्हाकियाही शेंगेनमध्ये (म्हणजे बॉर्डरवर नेहमीची तपासणी नसलेले युरोपातले देश) आहे, व्हिसा तोच चालतो, पण पासपोर्ट जवळ ठेवा, कधीकधी चेक करतात.

आता माझा घोळ. ट्रेन दोन वेगवेगळ्या स्टेशनांवर जातात, एक ह्लावना स्तानित्सा म्हणजे मेन स्टेशन आणि दुसरं पेत्रझाल्का, ते डॅन्यूब नदीच्या अलीकडे. मी न बघता समोरची पकडली आणि आम्ही पेत्रझाल्काला उतरलो, सगळीकडे कम्युनिस्ट काळातल्या बिल्डिंगा. आई म्हणाली हे बघायला आणलंस का? बस पकडून पूल ओलांडला की मग जुनं गाव.

जुनं गाव मात्र मस्त, छोटंसं, गुडघेदुखीवाल्यांना झेपेल असं (किल्ल्याचा चढ सोडून, तो आम्ही खालूनच बघितला). सेंट मार्टिन चर्चमध्ये १५६३ ते १८३० हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक व्हायचे (तेव्हा हे गाव हंगेरीतच होतं), ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा पण इथलाच, १७४१ चा. व्हिएन्नात आठवडाभर तिचे राजवाडे बघून झाले होते त्यामुळे बाबांना लिंक लागली. आईला आवडला तो गटारातून डोकं काढून बसलेला चुमिलचा पुतळा आणि ते निळं चर्च, अगदी केकवरच्या आयसिंगसारखं.

खाण्याचं सांगतो. ब्रिंझोवे हालुश्की म्हणजे बटाट्याच्या पिठाचे बारके गोळे मेंढीच्या चीजमध्ये, वरून बेकन. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, आम्ही सांगूनही एका ठिकाणी बेकन पेरूनच आणलं, परत पाठवलं तर नुसतं वरचं काढून तीच डिश पुढ्यात!! दुसऱ्या ठिकाणी नीट मिळाली. आईचं मत: वरणफळं बरी, पण हेही वाईट नाही. ती खरी खूश झाली खसखशीचं सारण भरलेल्या रोझोकवर (इथला वाकडा गोड पाव), चार बांधून घेतले. कोफोला मी प्यायलो, कोकसारखं पण काढ्याची चव, बाबांनी एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला.

येताना मेन स्टेशनवरूनच बसलो. ते स्टेशन अगदीच कळकट आहे, तिथे वेळ काढायच्या भानगडीत पडू नका, गाडीच्या दहा मिनिटं आधी पोचलात तरी पुरे. रोझोक मारखेग, म्हणजे बॉर्डरलगतचं ऑस्ट्रियातलं स्टेशन, यायच्या आधीच संपले.