टाकी सफाईची सेवा: गाळाला दहापैकी आठ, डासाला चार

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या सोसायट्यांमध्ये टाकी सफाईची पत्रकं येऊ लागतात. सहा टप्पे ठरलेले: पाणी उपसणं, गाळ काढणं, प्रेशरने भिंती धुणं, उरलेलं व्हॅक्यूमने ओढणं, जंतुनाशक मारणं आणि शेवटी अतिनील दिवा फिरवणं. गाळासाठी सेवा चोख आहे. बादली-फडक्याने न निघणारा तळाचा चिखल मशीन काढतं. पण पत्रकावर ‘डेंग्यूपासून सुटका’ लिहिलेलं असेल, तर त्यासाठी सहापैकी भिंती धुण्याचा टप्पाच खरा कामाचा, आणि घाई नेमकी तिथेच होते.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवून. काळी, मिलिमीटरहून लहान. बघणाऱ्याला काजळीच वाटेल. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, आणि पाणीकपातीनंतर टाकी पुन्हा काठोकाठ भरली की त्यातून अळ्या निघतात. म्हणून त्या पट्ट्यावर नुसता फवारा पुरत नाही. ताठ ब्रशने चारही बाजू घासून घ्या, कोपरे आणि झाकणाखालची गळपट्टीसुद्धा, आणि ते पाणी उपसून बाहेर टाकायला लावा. दिव्याने चिकटलेली अंडी सुटत नाहीत. पिण्याच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरीनने अळ्याही मरत नाहीत.

दुसरी उणीव झाकणाची. माणसं आत उतरतात, काम संपवून झाकण नुसतं ठेवून जातात; आटे बसलेत का, कड फुटली आहे का, कोण बघतो? ओव्हरफ्लो आणि हवेचा पाईप तर कामात धरलेलेच नसतात. त्यांच्या तोंडावर बारीक नायलॉन जाळी लावून स्टीलच्या क्लिपने आवळायची. प्लॅस्टिकचा टाय उन्हाने तडकतो, आणि चिंधी बांधली तर कुजून गळून पडते. हे काम करारात लिहून घ्या, नाहीतर ‘ते प्लंबरचं’ हे उत्तर तयारच असतं.

शिवाय करार सहा महिन्यांचा आणि अंड्यातून निघालेल्या अळीचा डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवस. मधल्या काळात पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, कोरड्या करायच्या. हे कुठलीच कंपनी करून देत नाही. महापालिकेचे कर्मचारी अळ्या तपासायला आले तर गच्चीची किल्ली द्यावी. ते फुकट आहे आणि पत्रकापेक्षा भरवशाचं.

टाकी चकचकीत असूनही घरात ताप आलाच, तर पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी) तपासणी करावी, त्यानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, ताक, ओआरएस थोडं थोडं चालू ठेवावं. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. पोटात जोराची कळ, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी किंवा गळून जाणं, यातलं एकही दिसलं तर प्लेटलेटच्या आकड्याची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.

सफाईवाल्यांचे पैसे मात्र झाकण आपल्या हाताने फिरवून बघितल्यावरच द्या.