चार वाजता परत आणणारी गाडी: लेक ऑफ द वुड्सवरच्या बर्फातल्या मासेमारीची सेवा

गेल्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, लेक ऑफ द वुड्स या गोठलेल्या तलावावर, वॉलआय हा मासा गरवायला दोनदा गेले. एकदा दिवसाच्या भाड्याच्या खोपीत आणि दुसऱ्यांदा रात्रीच्या मुक्कामाच्या खोपीत. दोन्ही खोपी बॉडेट गावाजवळच्या एकाच सेवेच्या होत्या. त्या सेवेबद्दल माझी एक ठाम तक्रार आहे आणि बऱ्याच गोष्टींसाठी मनापासून कौतुकही आहे. तिचे नाव मात्र मी येथे देत नाही. गोव्याला परतल्यापासून, ज्यांची मुले किंवा भाचे मिनियापोलिसला राहतात आणि ज्यांच्या घरात गरीचा नाद आहे, अशा अनेकांनी मला या सहलीविषयी विचारले. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

माझे माहेर गोव्यातल्या मडकईचे. वडिलांबरोबर मी लहानपणापासून खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर गरी घेऊन बसले आहे. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, ओहोटीचे पाणी बाहेर पडू लागले की लहान मासळी त्या ओढीबरोबर वाहत येते आणि चोणक हा मोठा शिकारी मासा तिच्यावर टपून तोंडाशी उभा राहतो. त्यातही दिवस मावळताना ओहोटी लागली तर वडील जेवायलासुद्धा उठत नसत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला किती वाजता बसायचे आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी असते तेव्हा, बसण्यात अर्थ का नाही, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी ठाऊक झाले. कोणत्याही मासेमारीच्या सेवेकडे मी त्याच नजरेने पाहते: मासा ज्या वेळी खातो, त्या वेळी ही माणसे मला पाण्यावर ठेवतात की नाही?

वॉलआय हा पर्च कुळातला गोड्या पाण्याचा मासा आहे आणि 1965 पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, तोंडात सुईसारखे दात आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, ही त्याची खूण. परंतु त्याची खरी ओळख म्हणजे डोळा. बुबुळामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असल्याने तो डोळा धुरकट, काचेच्या गोटीसारखा दिसतो आणि बॅटरीच्या उजेडात चमकतो. आपल्या चोणकाचे डोळेही काळोखात असेच लकाकतात, हे ज्याने रात्री होडीतून चोणक पाहिला आहे त्याला सांगावे लागणार नाही. असा डोळा असलेला मासा अंधुक उजेडात आपल्या भक्ष्यापेक्षा चांगले पाहतो. म्हणून पहाट आणि तिन्हीसांजा याच त्याच्या जेवणाच्या वेळा. बॉडेटमध्ये 1959 साली उभारलेला 40 फूट लांबीचा वॉलआयचा पुतळा आहे आणि गाव स्वतःला या माशाची जागतिक राजधानी म्हणवते. इतका मान ज्या माशाला दिला जातो, त्याच्या जेवणाची वेळ तिथल्या सेवा देणाऱ्यांनी सांभाळावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

मिनियापोलिसहून भाच्याच्या गाडीने आम्ही तिघे निघालो. मी, भाचा आणि भाचेसून. रस्ता सुमारे पाच तासांचा. पाहुण्यांना थोड्या दिवसांचा परवाना काढता येतो आणि तो काढल्याशिवाय गरी पाण्यात सोडता येत नाही. आमचा परवाना भाच्याने आधीच काढून ठेवला होता. दिवसाचे भाडे माणशी 80 डॉलरच्या आत होते आणि त्यात नेणे-आणणे, तापवलेली खोपी, पाडून दिलेली भोके आणि आमिष एवढे सगळे आले. काठ्यांचे भाडे वेगळे पडले. सकाळी आठ वाजता किनाऱ्यावर तापमान उणे 27 अंश सेल्सिअस होते. नाकातल्या केसांवर पहिल्याच श्वासात बर्फ धरते, हे मी ऐकून होते, पण अनुभवल्यावरच पटले.

बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी गाडी चालवणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला जे सांगितले, त्यासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देईन. माणसाला चालण्यासाठी निदान 4 इंच निकोप, निळसर बर्फ लागतो, असे मिनेसोटाचे नैसर्गिक संपदा खाते सांगते, आणि मोटारीसाठी त्याच्या दुपटीहून अधिक. त्या दिवशी वाटेवर 24 इंचांहून अधिक बर्फ होता. तरीसुद्धा ते रोज सकाळी वाट तपासतात, भेगा पडल्या असतील तिथे फळ्यांचे पूल टाकतात आणि आखलेल्या वाटेबाहेर कोणालाही जाऊ देत नाहीत. पुढे घसरपट्ट्या आणि मागे पट्ट्यांची चाके असलेल्या बंद वाहनातून त्यांनी आम्हाला आठ-नऊ किलोमीटर आत नेले. मध्येच तलावाच्या पोटातून तोफ उडाल्यासारखा आवाज आला आणि भाचेसुनेने माझा हात घट्ट धरला. थंडी वाढली-घटली की बर्फाचा थर आकसतो आणि फुगतो, त्याचा तो आवाज असतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, हे त्यांनी गाडी थांबवून, मागे वळून, शांतपणे समजावले. नवख्या माणसाचा जीव आपल्या हाती आहे याची जाणीव त्या वागण्यात होती.

खोपी म्हणजे साधारण आपल्या जुन्या घरातल्या माजघराएवढी लाकडी खोली; खाली बर्फावरून ओढायच्या घसरपट्ट्या, आत गॅसवर चालणारी शेगडी, भिंतीला टेकवलेले बाक आणि जमिनीत सहा भोके. बंद खोलीत गॅस जळत असल्याने कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. भिंतीवरच्या यंत्राचे बटण दाबून त्यांनी त्याचा इशारा आम्हाला ऐकवला आणि झरोका बुजवू नका असे बजावले. भोक दहा इंच रुंदीचे होते. त्यावर सारखी बर्फाची साय धरते आणि ती पुरीच्या झाऱ्यासारख्या एका झाऱ्याने काढत राहावी लागते. पाणी पाहिले तर कोऱ्या चहाच्या रंगाचे. वर उणे 27 अंश आणि तळाशी मात्र जिवंत तलाव, याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे: 4 अंशांना पाणी सर्वांत जड होते आणि खाली बसते, त्याहून गार पाणी वर तरंगत राहून गोठते, आणि तोच बर्फ मग खालच्या पाण्याला गोधडीसारखा पांघरून राहतो.

मिनेसोटात बर्फावर माणशी दोन दोर चालतात. एका काठीच्या गळाला लहानसा मासा टोचून तो तळापासून फूटभर वर राहील असा सोडायचा आणि काठी नुसती टेकवून ठेवायची, आणि दुसऱ्या हातभर लांबीच्या काठीला सोनेरी पत्र्याचे आमिष बांधून, त्याच्या गळाला माशाचे मुंडके लावून, ते झटक्याने उचलून सोडत राहायचे. आमच्याकडे खोली 28 फूट होती. शेजारी ध्वनिलहरींनी पाण्यातला मासा हेरणारे एक गोल तबकडीचे यंत्र ठेवलेले असते. त्यावर तळ जाड तांबड्या पट्टीने दिसतो, आपले आमिष बारीक रेघेने दिसते, आणि मासा दूर असला तर हिरवा, जवळ आला की नारिंगी, अगदी खाली येऊन उभा राहिला की तांबडा होतो. भाचा म्हणाला, “मावशी, हिरवी रेघ वर चढतेय बघ, आता हात थांबव.” मी हात थांबवला, रेघ तांबडी झाली, आमिषाच्या रेघेला टेकली, क्षणभर तशीच राहिली आणि पुन्हा हिरवी होऊन खाली गेली. मासा आला, त्याने पाहिले आणि नाकारले, हे मी आयुष्यात प्रथमच डोळ्यांनी पाहिले. आमच्या बांधावर हे सगळे बोटावर धरलेल्या दोराला विचारावे लागते. यंत्राने गंमत कमी होईल असे मला वाटले होते. उलट, आमिष थोडे वर उचलून माशाला मागे यायला लावायचे असते, ही युक्ती मी त्या तबकडीवरूनच शिकले.

आता तक्रारीविषयी. तलावाचे पाणी गढूळ असल्यामुळे इथे दिवसभर मासा लागतो, असे ही सेवा सांगते आणि ते खोटे नाही. चार वाजेपर्यंत आम्हा तिघांना मिळून नऊ मासे लागले. पण त्यातले सात सॉगर होते. सॉगर हा वॉलआयचा धाकटा भाऊ, पाठीच्या परावर ठिपके असलेला आणि शेपटीला पांढरे टोक नसलेला. वॉलआय दोनच, तेही वीतभर. साडेतीनच्या सुमारास बाहेरचा उजेड पिवळा पडू लागला, तबकडीवर एकापाठोपाठ एक रेघा चढू लागल्या, आणि नेमक्या त्याच वेळी काठ्या आवरायला सांगण्यात आले. चारला गाडी दाराशी उभी. सूर्य मावळतो पाचच्या पुढे. मी विनंती केली की तासभर थांबू द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या; तर इतर खोप्यांतल्या माणसांनाही याच फेरीत न्यायचे आहे, असे उत्तर मिळाले. वाहन चालवणाऱ्यांची अडचण मला समजते. परंतु ज्या माशाच्या डोळ्याची जाहिरात करून लोकांना बोलावले जाते, तो डोळा ज्या घटकेला कामाला लागतो त्याच घटकेला गिऱ्हाइकाला किनाऱ्यावर आणणे, हा अडचणीचा नव्हे, वेळापत्रकाचा दोष आहे. सकाळी आठऐवजी दहाला नेऊन सहाला आणले असते तर तेच भाडे मी आनंदाने दिले असते. फेरीची वेळ नोंदणी करताना आम्हाला कोणी ठळकपणे सांगितली नव्हती, हेही नमूद करते.

म्हणून दोन दिवसांनी आम्ही मुक्कामाची खोपी घेतली. तिचे भाडे दुपटीहून जास्त, पण आत झोपायचे फळे, दोन शेगड्यांची चूल आणि आडोशाला संडास. दिवसाच्या खोपीत ही शेवटची सोय नव्हती; थोड्या अंतरावरच्या सामाईक संडासापर्यंत त्या थंडीत चालत जावे लागले होते, आणि बायकामाणसांनी ठरवताना हे आधी विचारून घ्यावे. संध्याकाळी पाच ते सव्वासहा या वेळात जे घडले ते मी मडकईच्या मानशीवरसुद्धा क्वचितच पाहिले आहे. दिवा मंद केला होता. टेकवलेल्या काठीचे टोक हळूहळू, जराही थरथर न होता, पाण्याकडे वाकले; वॉलआय आमिष हिसकत नाही, तोंडात घेऊन निघून जातो. मी तीनपर्यंत मोजून काठी उचलली. भोकातून आधी शुभ्र पोट दिसले, मग तो डोळा वर आला आणि दिव्याचा उजेड त्यात असा भरला की भाचेसून हातातला झारा धरून तशीच उभी राहिली. तो 22 इंचांचा निघाला. त्या तलावावर 19.5 ते 28 इंचांच्या दरम्यानचा वॉलआय परत सोडावा लागतो, कारण अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या या मापात येतात. त्याला भोकात उभा धरला, त्याने एकदा शेपटी हलवली आणि तो खाली गेला. हिवाळ्यात माणशी वॉलआय आणि सॉगर मिळून सहाच ठेवता येतात, त्यांत वॉलआय जास्तीत जास्त चार. ट्रॉलरबंदीचे 1 जून ते 31 जुलै हे दोन महिने पाळतानाही कुरकुर ऐकू येते अशा किनाऱ्यावरून आलेल्या मला, मापाची पट्टी प्रत्येक खोपीच्या भिंतीवर ठोकलेली पाहून फार बरे वाटले.

नियमात बसणारे चौदा-पंधरा इंचांचे चार मासे आम्ही तिथेच साफ केले. घरून नेलेली हळद, तिखट, मीठ आणि सोलांचे आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळले. मांस पांढरेशुभ्र, पाकळ्या सुटणारे, काटा नगण्य, वास अजिबात नाही. चोणकाइतकी चरबी नसल्याने तो तळूनच खावा; हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, घातला तर नारळापुढे त्याची चव हरवेल, असे माझे मत आहे. आपल्याकडे ‘बर्फातला मासा’ म्हणजे शिळा मासा, आणि तसे म्हटले की बाई टोपलीपासून दोन पावले मागे सरते. बर्फाखालून काढून वीस मिनिटांत तव्यावर पडलेला हा मासा खाताना ते शब्द मला आठवत होते.

सेवेचे एकूण मोल करायचे तर सुरक्षितता, खोप्यांची स्वच्छता आणि माणसांची वागणूक यांत मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. शिकवणे मात्र अपुरे आहे. दहा मिनिटांत यंत्र दाखवून ते निघून जातात आणि ज्याने कधी गरी धरली नाही त्याचे पहिले दोन तास वाया जातात. आमच्याबरोबर भाचा नसता तर तबकडीचे रंग आम्हाला उमगले नसते. नुसता बर्फ पाहायला आणि छायाचित्रे काढायला जाणाऱ्यांसाठी दिवसाची खोपी ठीक आहे. ज्याला मासा हवा आहे त्याने मुक्कामाचीच घ्यावी, आणि चौघे मिळून घेतली तर खर्चही आवाक्यात येतो. सुती कपडे अंगाजवळ घालू नयेत, घाम त्यात मुरतो आणि मग गारठा धरतो. लोकरीचे दोन थर आणि भाड्याचे उंच बूट पुरतात. बूट आदल्या संध्याकाळी घालून पाहावेत, मला मिळालेल्या जोडीचे अस्तर ओलसर होते आणि सकाळच्या घाईत बदलून मिळाले नाही.

मिनेसोटाच्या इतर बहुतेक तलावांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीअखेर बंद होतो, लेक ऑफ द वुड्सवर तो 14 एप्रिलपर्यंत चालतो. मार्चमध्ये थंडी सोसवते आणि सूर्य सहानंतर मावळतो; त्यामुळे त्या दिवसांत जाणाऱ्यांनी परतीच्या फेरीची वेळ लेखी विचारून घ्यावी आणि चारचीच असेल तर ती खोपी घेऊ नये. आम्ही पुढच्या मार्चसाठी मुक्कामाची खोपी सांगून ठेवली आहे, आणि या वेळी मडकईहून माझा धाकटा भाऊही येणार आहे.